कोकणाधिपती अपरादित्य: शूर्पारक ते काश्मीर

अपरादित्य पहिला हा उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील राजा. त्याची कारकीर्द साधारणपणे इ. स. ११२७ ते ११४८ अशी धरली जाते. दमणच्या दक्षिणेपासून चौलपर्यंतची किनारपट्टी आणि तिच्या मागचा सह्याद्रीपर्यंतचा मुलूख हा त्याच्या राज्याचा गाभा होता. श्रीस्थानक म्हणजे ठाणे आणि शूर्पारक म्हणजे आजच्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीतले सोपारे ही त्यातली दोन मोठी नगरे. शिलाहारांच्या साडेचारशे वर्षांच्या इतिहासात पराक्रम आणि पांडित्य या दोन्ही बाबतींत ज्याचे नाव घेतले जाते, असा हा एकच राजा. पण त्याच्याविषयी लिहिताना हाती असलेली साधने मोजकी आहेत: शके १०४९ चा वडवली ताम्रपट, शके १०६० चा उरणजवळच्या चांजे येथील शिलालेख, शके १०६१ चा पन्हाळे ताम्रपट, एका काश्मिरी कवीच्या काव्यातला उल्लेख आणि याज्ञवल्क्यस्मृतीवरची एक प्रचंड टीका. याखेरीज शेजारच्या राजघराण्यांचे लेख आहेत, आणि ते अपरादित्याच्या दरबारी कवींना न रुचणाऱ्या काही गोष्टी सांगतात.

शिलाहारांची तीन घराणी होती. एक उत्तर कोकणात, दुसरे दक्षिण कोकणात आणि तिसरे कोल्हापूर-कऱ्हाडकडे. उत्तर कोकणच्या शाखेचा मूळ पुरुष पहिला कपर्दी. इ. स. ८०० च्या सुमारास राष्ट्रकूटांच्या कृपेने त्याला हा प्रदेश मिळाला आणि पुढे त्याच्याच नावावरून परक्या लेखांत या भूभागाला 'कपर्दिकद्वीप' किंवा 'कवडीद्वीप' म्हटले जाऊ लागले. त्याचा मुलगा पुल्लशक्ती याचा शके ७६५ म्हणजे इ. स. ८४३ चा लेख कान्हेरीच्या लेण्यात आहे. आपण विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज आहोत आणि तगरपूर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, हे आपले मूळ नगर, असे हे राजे सांगत. 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद त्यांच्या ताम्रपटांत ठरलेले असते. ९७३ मध्ये राष्ट्रकूट सत्ता कोसळली आणि त्याच सुमारास अपराजित हा शिलाहार राजा गादीवर आला. त्याच्या ९९७ च्या भादाण ताम्रपटात राष्ट्रकूटांची वंशावळ देऊन त्यांच्या नाशाबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. धनी गेल्यावरही त्याची आठवण काढणारा मांडलिक राजकारणात विरळाच, म्हणून हा तपशील लक्षात राहतो. त्यानंतर शिलाहार कधी कल्याणीच्या चालुक्यांना नमून, तर कधी स्वतःच्या जोरावर राज्य करीत राहिले. त्यांची 'पुरी' नावाची राजधानी नेमकी कुठली याचा वाद जुना आहे. घारापुरी, राजपुरी आणि खुद्द ठाणे अशी निरनिराळी स्थळे सुचवली गेली आहेत.

या राज्याचा कणा शेतीपेक्षा बंदरांवर उभा होता. अपरादित्याच्या आधी राज्य करणाऱ्या पहिल्या अनंतदेवाचा शके १०१६ चा खारेपाटण ताम्रपट या दृष्टीने फार मोलाचा आहे. भाभणश्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणामश्रेष्ठी या दोन अमात्यांच्या मालावरची जकात राजाने त्यात माफ केली आहे आणि ज्या बंदरांत ही माफी लागू होती त्यांची नावे दिली आहेत: श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुली. चेमुली म्हणजे चौल. राजाचे मंत्री स्वतः जहाजे चालवणारे व्यापारी होते, हे एका वाक्यातून कळते. परदेशी व्यापाऱ्यांची वर्दळही जुनीच होती. दहाव्या शतकाच्या आरंभी राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता, हे डहाणू तालुक्यातल्या चिंचणीच्या ताम्रपटांनी सिद्ध केले आहे. सिसिलीच्या राजा रॉजरच्या दरबारात ११५४ मध्ये आपला भूगोलग्रंथ पुरा करणाऱ्या अल इद्रिसीने 'सुबारा' या नगराची नोंद केली आहे. समुद्रापासून थोडे आत वसलेले, गजबजलेले आणि हिंदुस्थानच्या व्यापारी पेठांपैकी एक, असे त्याने सोपाऱ्याचे वर्णन केले. इद्रिसी स्वतः कोकणात आला नव्हता, त्याने खलाशांकडून आणि जुन्या ग्रंथांतून माहिती घेतली. तरीही अपरादित्याच्या काळात सोपाऱ्याचे नाव भूमध्य समुद्रापर्यंत पोचलेले होते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

अपरादित्य गादीवर आला तो अत्यंत वाईट दिवसांत. राज्याला आधीच दोन तडाखे बसले होते. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याच्या कदंबांचा पहिला जयकेशी उत्तर कोकणावर चालून आला. कपर्दिकद्वीपाच्या राजाला आपल्या पूर्वजाने रणात मारले, असे कदंबांच्या देगांवे येथील लेखात म्हटले आहे. तो राजा बहुधा मुम्मुणी असावा. अंबरनाथचे शिवालय ज्याच्या शके ९८२ च्या लेखामुळे ओळखले जाते तोच हा मुम्मुणी. पाठोपाठ भाऊबंदकी उसळली. आप्तांच्या वैरामुळे आलेल्या संकटात सत्ता बळकावून कोकण उद्ध्वस्त करणाऱ्यांचा आपण निःपात केला, असे अनंतदेव खारेपाटणच्या ताम्रपटात सांगतो. त्याने पन्नासेक वर्षे राज्य केले आणि घडी पुन्हा बसवली. पण त्याच्या अखेरच्या वर्षांत कदंब परत आले. या वेळी गोव्याच्या गादीवर दुसरा जयकेशी होता. चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याचा तो जावई. धारवाडजवळच्या नरेंद्र गावातल्या ११२५ च्या सुमाराच्या लेखात त्याच्या ताब्यातले प्रदेश मोजले आहेत, आणि त्यांत कोकण नऊशेबरोबर सव्वा लाखाचे कवडीद्वीपही आहे. सम्राटाचा जावई उत्तर कोकणावर हक्क सांगत असताना शिलाहारांना वरून मदत मिळण्याची आशा नव्हती.

पुढे काय घडले ते वडवली ताम्रपट नाट्यमय शब्दांत सांगतो. छित्तुक्क नावाचा 'असुर' जगाला त्रास देऊ लागला, सामंत फुटून त्याला जाऊन मिळाले, धर्म लयाला गेला, वडीलधारी माणसे हतबल झाली, प्रजा आणि सेवक देशोधडीला लागले. तेव्हा अपरादित्य एकटा, एक घोडा आणि हातातली तलवार एवढ्यावर रणात उतरला, आणि तो असुर लढणेही विसरला, पळणेही विसरला. ताम्रपट शके १०४९ चा, म्हणजे इ. स. ११२७ चा आहे. तोवर राज्य परत मिळाले होते, हे उघड आहे. छित्तुक्क कोण होता याबद्दल मात्र तर्कच करावे लागतात. तो जयकेशीचा सेनापती असावा, हा तर्क त्यातल्या त्यात सयुक्तिक वाटतो. काळ जुळतो, आणि सामंत फुटून जावेत एवढे बळ त्या वेळी आसपास कदंबांकडेच होते. शत्रूला असुर ठरवणे ही प्रशस्तिकारांची नेहमीची रीत, त्यामुळे त्या विशेषणावरून त्याचे कुळ शोधण्यात अर्थ नाही.

एकट्या घोडेस्वाराच्या या चित्राला कोल्हापूरच्या शिलाहारांचे लेख छेद देतात. गंडरादित्याचा मुलगा विजयादित्य याने स्थानकाच्या पदच्युत राजांना पुन्हा गादीवर बसवले आणि गोव्याच्या राजांनाही स्थिर केले, असे त्या घराण्याचे लेख अभिमानाने सांगतात. त्या वेळी विजयादित्य युवराज असणार, कारण गंडरादित्य स्वतः ११३० नंतरही राज्य करीत होता. शिलाहारांच्या लेखांचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास करणारे वा. वि. मिराशी यांनी हा उल्लेख अपरादित्याशी जोडला आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. विजयादित्याच्या हयातीत स्थानकाचा राजा पदच्युत होऊन परत आल्याचा दुसरा ठळक प्रसंग दिसत नाही. मदत करणारा स्वतःचा वाटा फुगवून सांगतो आणि मदत घेणारा ती साफ विसरतो, हे लक्षात घेऊनही निष्कर्ष असा निघतो की अपरादित्याने राज्य मिळवले ते भाऊबंदांच्या फौजेच्या पाठबळावर. त्याचे धाडस खोटे ठरवण्याचे कारण नाही, पण एका तलवारीने बंदरे परत मिळत नाहीत. आणखी एक गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली. सहावा विक्रमादित्य याच सुमारास मरण पावला आणि त्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर गादीवर आला. हा लढाईपेक्षा ग्रंथांत रमणारा सम्राट होता. जयकेशीच्या पाठीशी सासऱ्याचा जो दरारा होता, तो सरला.

नंतरची वीस वर्षे तुलनेने शांततेची गेलेली दिसतात. चांजेचा शिलालेख शके १०६० चा आहे. अपरादित्याने आपली आई लीलादेवी हिच्या पुण्यार्थ नागूम गावातली जमीन दान दिल्याची नोंद त्यात आहे. नागूम हे उरणच्या परिसरातलेच गाव. सैन्य, शत्रू, विजय असे काही नसलेला हा साधा दानलेख राज्य स्थिरावल्याची खूण म्हणून वडवलीच्या काव्यमय ताम्रपटाहून जास्त बोलका आहे. त्याच्या पुढच्याच वर्षीचा पन्हाळे ताम्रपट राज्याची दक्षिणेकडची हद्द दाखवतो. अपरादित्याचा मुलगा विक्रमादित्य प्रणालक येथे राहून त्या भागाचा कारभार पाहत होता, असे त्यात आहे. प्रणालक म्हणजे दापोली तालुक्यातले पन्हाळेकाजी. हा ताम्रपट सापडल्यामुळेच संशोधकांचे लक्ष त्या गावाकडे वळले आणि तिथल्या कोटजाई नदीकाठच्या एकोणतीस लेण्यांचा अभ्यास सुरू झाला. दक्षिण कोकणाचा हा पट्टा पूर्वी दक्षिणेकडच्या शिलाहारांचा आणि मग कदंबांचा होता. तिथे आपला मुलगा नेमणे याचा अर्थ अपरादित्याने गमावलेले परत मिळवून वर शत्रूच्या प्रदेशातही हात घातला.

वसईच्या वाचकाला इथे एक अडचण जाणवेल. या भागाच्या लोकस्मृतीत शके १०६० हे साल दुसऱ्याच राजाचे आहे. 'महिकावतीची बखर' सांगते की त्या वर्षी प्रतापबिंब नावाचा राजा उत्तरेकडून कोकणात उतरला, त्याने दमणपासून वाळकेश्वरापर्यंतचा किनारा घेतला आणि केळवे-माहीम येथे राजधानी केली. सोमवंशी क्षत्रिय, पाठारे प्रभू अशा अनेक ज्ञातींची कुळे आपले कोकणात येणे या घटनेशी जोडतात. बखरीचा जुना भाग केशवाचार्याने पंधराव्या शतकाच्या मध्यास रचला, आणि वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये ती संपादून प्रसिद्ध केली. म्हणजे वर्णन केलेल्या घटनेनंतर तीनशे वर्षांनी हे लिखाण झाले. शिलालेख त्याच काळात कोरलेले असतात, आणि त्यांचा पुरावा उलट बाजूचा आहे. शके १०६० मध्येच अपरादित्य उरणजवळ जमीन दान देतो. त्याच्यानंतर आलेल्या हरिपालदेवाचा शके १०७२ चा शिलालेख तर थेट आगाशीचा आहे. बखरीप्रमाणे बिंबांच्या राज्याच्या अगदी मधोमध येणारे हे गाव.

आगाशीचा हा लेख थोडा थांबून वाचण्यासारखा आहे. त्यात शूर्पारक प्रदेशातल्या वट्टारक गावाचा उल्लेख येतो. विरारच्या पश्चिमेला आजही असलेले वटार ते हेच. तिथल्या उत्पन्नाचे दान ब्रह्मदेव नावाच्या पुरोहिताला दिले आहे. साक्षीदार म्हणून गावची प्रमुख माणसे आहेत, आणि त्यांत ऋषी म्हातारा, नागूजी म्हातारा, चांगदेव म्हातारा अशी नावे येतात. पट्टकील, म्हणजे पाटील, हा अधिकारीही लेखात आहे. राजा ठाण्याला असो की आणखी कुठे, गावाचा व्यवहार पाटील आणि म्हातारे यांच्या साक्षीने चाले. अपरादित्याच्या कारकिर्दीत वसईकडचा कारभार कसा होता हे त्याच्या स्वतःच्या लेखांतून कळत नाही, पण त्याच्यामागून दोन-तीन वर्षांत कोरलेल्या या दगडावरून ते बऱ्यापैकी कळते. बिंबांची कथा सर्वस्वी काल्पनिक मानण्याची गरज नाही. एखादा सरदार गुजरातकडून येऊन केळवे-माहीमला स्थिरावला असेल, स्थलांतरही घडले असेल. मात्र शके १०६० हे साल आणि दमण ते वाळकेश्वर हा विस्तार, दोन्ही शिलालेखांपुढे टिकत नाहीत.

अपरादित्याच्या चरित्रातला सर्वांत अनपेक्षित भाग कोकणापासून फार दूर घडला. काश्मीरचा कवी मंख याने ११३५ ते ११४५ च्या दरम्यान 'श्रीकंठचरित' हे महाकाव्य लिहिले. त्याच्या पंचविसाव्या सर्गात मंखाचा भाऊ अलंकार याच्या घरी भरलेल्या विद्वत्सभेचे वर्णन आहे. अलंकार हा काश्मीरनरेश जयसिंहाचा मंत्री. मंखाने आपले काव्य या सभेपुढे वाचले आणि जमलेल्या प्रत्येकाची ओळख श्लोकांत करून दिली. त्यात व्याकरणकार, मीमांसक, वैद्य आणि कवी आहेत, आणि दोन परदेशी वकीलही आहेत. एक कनोजच्या गोविंदचंद्राचा वकील सुहल. दुसरा तेजकंठ, कोकणाधिपती अपरादित्याने शूर्पारकाहून पाठवलेला. संस्कृत काव्यांत राजे भरपूर भेटतात, पण ज्याचा काळ, जागा आणि यजमान ठाऊक आहेत अशा मेळाव्यात सोपाऱ्याचा माणूस बसलेला आढळावा, ही दुर्मीळ नोंद आहे. काश्मीर आणि कोकण यांत युद्ध किंवा तह होण्याजोगे काही नव्हते. त्यामुळे या वकिलातीचा हेतू विद्येचा आणि प्रतिष्ठेचा असावा असेच मानावे लागते. संकटातून नुकत्याच सावरलेल्या किनाऱ्यावरच्या छोट्या राजाने कनोजच्या सम्राटाच्या पंक्तीला आपला पंडित बसवला, यात चतुर राजकारणही आहेच.

ही वकिलात आणि अपरादित्याच्या नावावरची टीका यांचा एकत्र विचार करावा लागतो. 'याज्ञवल्क्यधर्मशास्त्रनिबंध' असे नाव असलेली, पण 'अपरार्क' या नावानेच ओळखली जाणारी ही टीका. अर्क म्हणजे आदित्य, त्यामुळे अपरार्क हे अपरादित्याचेच रूप. प्रकरणांच्या शेवटी लेखकाने स्वतःला विद्याधरवंशातला, जीमूतवाहनाच्या कुळातला शिलाहार राजा अपरादित्य म्हटले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन अध्याय आणि हजाराच्या आसपास श्लोक आहेत. अपरार्क प्रत्येक श्लोकाभोवती गृह्यसूत्रे, धर्मसूत्रे, इतर स्मृती आणि पुराणे यांतली वचने रचत जातो. पुराणांतले उतारे तर पानेच्या पाने भरतात. विज्ञानेश्वराच्या 'मिताक्षरे'शी तुलना केली तर फरक लगेच कळतो. कल्याणीत लिहिलेली मिताक्षरा नेटकी, युक्तिवादात धारदार आणि न्यायनिवाड्याला सोयीची. अपरार्क आकाराने तिच्याहून पुष्कळ मोठा, आणि त्याचा ओढा वाद घालण्यापेक्षा वचने गोळा करण्याकडे. वारशाच्या कायद्यात मिताक्षरेने बाजी मारली ती यामुळेच. दुसऱ्या बाजूने, आज मूळ रूपात न मिळणाऱ्या अनेक स्मृतींची वचने अपरार्कात टिकून राहिली, आणि अभ्यासक त्याच्याकडे आज वळतात ते मुख्यतः त्यासाठी.

टीका नेमकी कोणत्या अपरादित्याची, हा वाद बराच काळ चालला. याच घराण्यात पुढे दुसरा अपरादित्य झाला. त्याचा ११८४ चा लोनाडचा आणि ११८७ चा परळचा लेख प्रसिद्ध आहे. काही जुन्या अभ्यासकांनी टीका त्याच्या नावावर टाकली होती. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ती पहिल्या अपरादित्याची ठरवली आणि तिचा काळ ११२५ च्या आसपास धरला. त्यांच्या युक्तिवादातला वजनदार भाग असा: १२०० च्या सुमाराच्या 'स्मृतिचंद्रिके'त देवण्णभट्ट अपरार्काला प्रमाण म्हणून उद्धृत करतो. ग्रंथ दक्षिणेत पोचून प्रमाण मानला जायला दहा-पंधरा वर्षे अपुरी आहेत. काश्मीरच्या वकिलातीचा पुरावा याला बळकटी देतो. एक दुरुस्ती मात्र सुचते. ११२७ पूर्वीची वर्षे परागंदा होण्याची आणि लढाईची होती. एवढा संदर्भबहुल ग्रंथ त्या धामधुमीत रचला गेला असण्यापेक्षा ११३० नंतरच्या शांत काळात सिद्ध झाला असणे अधिक संभवते.

राजाने हे खरोखर स्वतः लिहिले काय, हा प्रश्न उरतो. बाराव्या शतकात लेखक-राजांची रीतच पडली होती. धारचा भोज त्याआधी होऊन गेला होता. तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ११३० च्या सुमाराचा 'मानसोल्लास' आहे, बंगालच्या बल्लाळसेनाच्या नावावर 'दानसागर' आहे. गोविंदचंद्राच्या दरबारी मात्र 'कृत्यकल्पतरू' मंत्री लक्ष्मीधराच्याच नावाने निघाला. अपरार्कासारख्या ग्रंथासाठी शेकडो पोथ्या जमवणारे, वचने काढणारे, ताडून पाहणारे पंडितांचे मंडळ लागते. योजना आणि आश्रय राजाचा, कष्ट पंडितांचे, असे मानणे सर्वांत सुरक्षित. तरी एक गोष्ट राजाच्या बाजूने सांगितली पाहिजे. भासर्वज्ञाच्या 'न्यायसारा'वरची 'न्यायमुक्तावली' ही टीकाही अपरार्काच्याच नावावर आहे, आणि भासर्वज्ञ काश्मीरचा. तर्कशास्त्रावरच्या टीकेने प्रजेवर छाप पडत नाही की दानाचे पुण्य मिळत नाही. अशा ग्रंथाला आपले नाव लावणाऱ्या राजाला त्या विषयाची खरी गोडी असणार.

११४८ च्या सुमारास अपरादित्याची कारकीर्द संपली. हरिपालदेवानंतर मल्लिकार्जुन आला, त्याचे लेख चिपळूणला आणि वसईला मिळाले. गुजरातच्या कुमारपाल चालुक्याने आपला सेनापती आंबड याला त्याच्यावर धाडले. पहिल्या स्वारीत आंबड हरला, दुसऱ्या स्वारीत त्याने मल्लिकार्जुनाला ठार केले, असे मेरुतुंगाने 'प्रबंधचिंतामणी'त लिहून ठेवले आहे. दुसऱ्या अपरादित्याने पुन्हा डोके वर काढले आणि परळच्या लेखात स्वतःला महाराजाधिराज, कोकणचक्रवर्ती म्हणवले. अखेर १२६५ च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाने शेवटचा राजा सोमेश्वर याचा जमिनीवर आणि मग समुद्रात पाठलाग केला. सोमेश्वर बुडून मेला आणि घराणे संपले.

राज्यापेक्षा ग्रंथ जास्त जगला. १८७५ मध्ये संस्कृत पोथ्यांच्या शोधात काश्मीरला गेलेल्या गेओर्ग ब्यूलर याला तिथले पंडित धर्मनिर्णयासाठी अपरार्क वापरताना आढळले, आणि त्याने या गोष्टीचा संबंध तेजकंठाच्या वकिलातीशी जोडला. मूळ ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीत ४६ व्या क्रमांकाने, १९०३ आणि १९०४ मध्ये, दोन भागांत छापून निघाला.